पोराला रेल्वेशिवाय दुसरं काही सुचत नाही. काय करावं?

रुळाकडची आई (खानापूर)

नमस्कार. लांबलचक होणार आहे, आधीच सांगते.

माझा मुलगा चौथीत आहे, मराठी माध्यमात. घरामागं आमचं भाताचं वावर आणि वावराच्या पलीकडं मिरज-लोंढा लाइन. रात्री मालगाडी गेली की मांडणीवरची भांडी वाजतात, पण घरात कुणाची झोप मोडत नाही. ह्याची मोडते. उठून खिडकीत जातो आणि सकाळी दात घासता घासता सांगतो, "काल रात्री पुढं जोडीनं दोन इंजिनं होती."

नुसतं बघत बसला असता तर मी इथं लिहायला आले नसते. गाडी बघायला कुठल्या पोराला आवडत नाही? हा लिहून ठेवतो. मी पतसंस्थेत कामाला आहे. तिथली जुनी कॅलेंडरं घरी पडलेली असतात, त्यांच्या पाठकोऱ्या पानांवर ह्यानं रकाने आखलेत. तारीख, वेळ, इंजिनाचा नंबर, डबे किती, निळे की लाल. संध्याकाळी आजोबा म्हशी घेऊन फाटकाकडं जातात, त्यांच्या मागं हा, कानाला पेन्सिल लावून.

मागं एकदा मला म्हणाला, "आई, डब्ल्यूडीजी म्हणजे काय सांग." मला काय ठाऊक! तर म्हणे, "डब्ल्यूएपी लिहिलेलं इंजिन पॅसेंजर गाडीला असतंय, म्हणून पी. डब्ल्यूडीजी जास्त करून मालगाडीला, म्हणून जी म्हणजे गुड्स. डी म्हणजे डिझेल, कारण त्यालाच धूर येतोय. ए म्हणजे वरच्या तारेवर चालणारं." डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज (रुंद रुळांची लाइन), एवढंच त्यानं माझ्या मोबाइलवर शोधलं. बाकी सगळं फाटकावर उभं राहून जुळवलेलं. मी नंतर गुपचूप तपासलं, बरोबर निघालं. डब्याच्या अंगावर जो नंबर असतो त्यातले पहिले दोन आकडे म्हणजे डबा बांधल्याचं साल, हेही मला त्यानंच शिकवलं. आता बेळगावला जायला प्लॅटफॉर्मवर उभी राहिले की मीसुद्धा डब्यांची वयं काढत बसते.

आता अडचणी सांगते.

नवोदयची (सरकारी निवासी शाळेची) परीक्षा पाचवीत असताना द्यायची, पण आमच्याकडं चौथीपासूनच क्लास लावतात. वेळ संध्याकाळी पाच ते सात, म्हणजे नेमकी फाटकाची. क्लास सुरू झाल्यापासून त्याचे रकाने रिकामे आहेत. रडत नाही, भांडत नाही. पण पूर्वी जेवताना त्याची बडबड थांबायची नाही, आता ताटात बघून जेवतो.

आमचे हे गोव्यात वेर्ण्याला फिटर आहेत, शनिवारी रात्री येतात. त्यांचं म्हणणं, पोराला मशीनचं वेड आहे तर बेळगावला रविवारचा रोबोटिक्सचा क्लास लावू. फी ऐकून मी गप्प बसले. ओढाताण करून पैसे उभे राहतील, पण रोबोट आणि रेल्वे एकच का हो?

सासूबाई म्हणतात पोरगं भारलंय. मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या. त्यांचं राहू दे, त्या माझ्यावरूनही ओवाळतात.

आणि खरी अडचण मीच. मला ह्यातलं काहीच कळत नाही. गोव्याहून परत येताना कुळेला गाडीच्या मागं आणखी इंजिनं जोडली, ती ह्यानं पाहिली. तेव्हापासून विचारतोय, "सगळी इंजिनं पुढंच का नाही जोडत? मागं कशाला?" मी म्हटलं बाबांना विचार. बाबा म्हणाले ढकलायला. "पण ओढत असताना ढकलायचं कशाला?" शाळेत विचारलं तर अभ्यासाचं विचार असं उत्तर मिळालं. नऊ वर्षांच्या पोराचे प्रश्न माझ्या पुढं निघून गेलेत.

असल्या वेडाला हात द्यावा का? द्यायचा तर मला काही येत नसताना कसा द्यायचा? आणि दोन वर्षांनी हे आपसूक उतरणार असेल तर आत्ता एवढं मनावर घ्यावं का?

हिशेबी (चिकोडी)

ताई, रागावू नका. कोथळीचं नवोदय आमच्याच तालुक्यात आहे, मी ते जवळून बघतोय. सहावी ते बारावी राहणं, जेवण, शिक्षण, सगळं जवळपास फुकट. माझ्या भाच्याचा नंबर तिथं लागला नाही. आता दर जूनमध्ये फीची जुळणी करताना भाऊजींची काय दशा होते ते मला ठाऊक आहे. रूळ कुठं पळून जात नाहीत. दीड वर्ष क्लास करू दे, मग जन्मभर गाड्या बघू दे. सुळेभावीत एक कुमार गंधर्व जन्मला म्हणून दर घरात जन्मत नसतो.

साचेवाले काका (उद्यमबाग, बेळगाव)

हिशेबीराव, नवोदयचं तुमचं म्हणणं खोटं नव्हे, त्याच्याकडं येतो. पण तुम्हीच कुमार गंधर्वांचं नाव काढलंत, तर आधी तेच घेऊ. १९२४ साली सुळेभावीत जन्म. लहानपणी रेकॉर्डी ऐकून मोठमोठ्या गवयांची हुबेहूब नक्कल करायचे, जलशांत नुसता कौतुकाचा पाऊस. तेवढ्यावरच ठेवलं असतं तर ते पोर नक्कल करण्यातच म्हातारं झालं असतं असं आपलं माझं मत. अकरा-बाराव्या वर्षी त्यांना मुंबईला गाणं शिकवणाऱ्या देवधर मास्तरांकडं ठेवलं. मला गाण्यातलं कळत नाही, पण एवढं दिसतं की त्यांना नुसती शिकवणी लावली नाही, माणूस गाठून दिला. ताई, तुमच्या पोराला पण माणूस पाहिजे.

मी शिकलेला नव्हे, तेव्हा माझ्या बोलण्यातलं घ्यायचं तेवढं घ्या. उभा जन्म पॅटर्न करण्यात गेला. फाउंड्रीत बीड (ओतीव लोखंड) ओतायच्या आधी वाळूत ठसा उमटवायला जो लाकडी नमुना लागतो, तो पॅटर्न. आमचं घर वडगावातलं, वडील मागावर बसायचे. शाळा सुटली की मी उंडगायला मोकळा. शेजारी एका मिस्त्रींचं पॅटर्नचं दुकान होतं, तिथल्या सागाच्या वासानं मी दारात उभा राहायचो. त्यांनी कधी "ये, तुला शिकवतो" म्हटलं नाही. स्क्रू निवडायला दिले. मग फुंकणीनं भुसा काढायला. मी कुठं आडवा येत नाही म्हटल्यावर एक दिवस पट्टी हातात दिली, म्हणाले ह्या फळीवर दहा सेंटिमीटरची खूण कर. मी केली. शाळेच्या दप्तरातली पट्टी काढून ताडून पाहिली तर खूण पुढं गेलेली. परत केली, परत पुढं. मला वाटलं पट्टीच खोटी. मिस्त्री हसले आणि म्हणाले, "उद्या फाउंड्रीतून ओतकाम येईल, ते मोज, मग सांग कुणाची पट्टी खोटी."

त्या रात्री मला झोप नाही. दुसऱ्या दिवशी ओतलेला तुकडा शाळेच्या पट्टीनं मोजला तर बरोबर दहा. बीड थंड होताना आकसतं, मीटरला साधारण १० मिलिमीटर, म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टीच तेवढी लांब आखलेली असते. मिस्त्रींनी हे पहिल्याच दिवशी तोंडानं सांगितलं असतं तर मी "हं" म्हणून विसरलो असतो. मला वाटतं मी पॅटर्नवाला त्या रात्री झालो. हातात कौशल्य यायला पुढं कैक वर्षं गेली, ते वेगळं.

म्हणून ताई, "मला काही येत नाही" ह्याचं ओझं घेऊ नका. माझ्या आईला पॅटर्न आणि पाटा ह्यातला फरक ठाऊक नव्हता. ती एवढंच करायची, मी घरी आलो की भाकरी थापता थापता विचारायची, "आज काय केलंत रे दुकानात?" आणि मी सांगेपर्यंत मध्ये बोलायची नाही. तुम्ही ते करताच, तुमच्या लिहिण्यावरून कळतंय. उरलेलं काम दुसऱ्या कुणाचं तरी आहे, आणि ते माणूस शोधणं तुमच्या हातात आहे. खानापूर, गुंजी, लोंढा ह्या पट्ट्यात रेल्वेतून निवृत्त झालेली माणसं गल्लोगल्ली आहेत. गार्ड, ड्रायव्हर, फाटकवाले, रुळांची देखभाल करणारे गँगमन, सांधे बदलणारे पॉइंट्समन. पेन्शनवर बसलेत, दिवस जात नाही, घरातले त्यांच्या गोष्टी ऐकून कंटाळलेत. असल्या माणसाकडं रकाने आखलेली कॅलेंडरची पानं घेऊन एक पोरगं गेलं तर काय होईल विचार करा. फक्त माणूस निवडताना एक बघा, पोराला बोलू देणारा पाहिजे. आपलीच टकळी चालवणारा असेल तर चहा घेऊन परत या. आणि सुरुवातीला आजोबांना बरोबर पाठवा. अनोळखी घरात नऊ वर्षांचं पोर एकटं पाठवायचं नाही.

आता मागच्या इंजिनाचं. तुम्ही उत्तर देऊ नका, त्याच्याकडून काढून घ्या. दहा-बारा काडेपेट्या घ्या, आत वाळू भरा, एकीला दुसरी साध्या शिवणाच्या दोऱ्यानं बांधा. आता पुढून ओढा, वाळू वाढवत जा. कधीतरी दोरा तुटेल. कुठला तुटला ते त्याला लिहून ठेवू द्या. बहुतेक वेळा पहिला तुटणार, कारण मागच्या सगळ्यांचा भार त्याच्यावरच. कुळे ते कॅसलरॉक घाटात चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढं गेलं की १ मीटर वर. तिथं सगळी इंजिनं पुढं लावली तर पहिल्या कपलिंगवर (डब्याला डबा जोडणाऱ्या आकड्यावर) सगळा ताण. मागून ढकललं की ताण वाटून जातो, आणि वर जाताना मध्येच कपलिंग तुटलंच तर मागचं इंजिन डब्यांना धरून ठेवतं. हे त्याला काडेपेट्यांवरून सुचलं तर तो तुमच्याकडं धावत येईल बघा.

ते झालं की दुसरं. चहाचे कागदी कप चार घ्या. दोन कप तोंडाला तोंड लावून चिकटवा, दुसरे दोन बुडाला बूड लावून. दोन काठ्या समांतर ठेवून थोडा उतार द्या आणि दोन्ही जोड्या गडगडत सोडा. एक जोडी वाकडी ठेवली तरी आपोआप मध्ये येते, दुसरी पडते. मग स्टेशनात नेऊन गाडीचं चाक नीट बघायला सांगा, ते सपाट नसतं, आतल्या बाजूला जाड आणि बाहेर निमुळतं असतं. हे बघायला प्लॅटफॉर्मवरूनच. रुळात उतरायचं नाही, ह्यात आजोबांनाही सूट नाही.

रोबोटिक्सबद्दल. मालक फिटर आहेत ना? रविवारी त्या क्लासच्या फीऐवजी बापानं पोराला एक तास पान्हे, नट-बोल्ट, वॉशर घेऊन बसवावं. क्लासात सगळ्यांना एकच किट, एकच गाडी, आणि ती चालली की टाळ्या. क्लास वाईट असतो असं नाही, पण ह्या पोराचा प्रश्न तिथं नाही.

नवोदयचा क्लास बंद करा असं मी म्हणणार नाही. परीक्षा आहे, पोटाचा मामला आहे. क्लासवाल्यांना सांगून आठवड्यातल्या दोन संध्याकाळी सोडवून घ्या, तेवढ्या फाटकाच्या. दोन संध्याकाळी सोडल्यानं नवोदय हुकत असेल तर तो सगळ्या संध्याकाळी क्लासला बसूनही हुकणारच होता.

निपाणीची लेक (सध्या धारवाड)

आमच्या निपाणीत रेल्वेच नाही, त्यामुळं मला तुमच्या मुलाचा हेवा वाटला!

मी मानसशास्त्र शिकवते. काकांनी अनुभवातून जे सांगितलं त्यातलं बरंचसं अभ्यासातही सापडतं, म्हणून थोडं लिहिते. "हे उतरणार का" असा तुमचा प्रश्न आहे. सुझान हिडी आणि अ‍ॅन रेनिंजर ह्या दोघींनी २००६ मध्ये आवड कशी वाढते त्याच्या चार पायऱ्या मांडल्या. आधी बाहेरच्या कशानं तरी ठिणगी पडते. मग परिस्थितीनं आणि माणसांनी जपली तर ती टिकते. तिसऱ्या पायरीवर मूल स्वतःचे प्रश्न स्वतः काढायला लागतं, आणि चौथीवर ते अडचणी आल्या तरी सोडत नाही. तुमचा मुलगा जी आणि पी ताडून अर्थ लावतो, ही तिसरीची लक्षणं वाटतात. पण कुठल्याही पायरीवर हात सुटला तर आवड निजते किंवा मरते असंही त्या म्हणतात. म्हणून "खरी असेल तर टिकेलच" ह्यावर मी भरवसा ठेवणार नाही. आणि उद्या तो रेल्वे सोडून पुलांकडं किंवा नकाशांकडं वळला तर त्याला उतरणं म्हणू नका.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. बक्षीस लावू नका. १९७३ मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीत एक प्रयोग झाला. ज्या मुलांना मुळातच चित्रं काढायला आवडायचं, त्यांतल्या काहींना सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. पुढं मोकळ्या वेळात बघितलं तर आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं.

हे मला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. मी लहानपणी तंबाखूच्या वखारीच्या भिंतीवर कोळशानं बैल काढायचे. शाळेला कळलं आणि मग स्पर्धा सुरू झाल्या. झाडे लावा, पाणी वाचवा, हुंडाबंदी. परीक्षकांना काय आवडतं ते मला लवकर कळलं, हिरवं झाड आणि त्याखाली हसणारी पृथ्वी. घरात ढाली जमल्या. दहावीनंतर स्पर्धा संपल्या आणि माझा हात थांबला तो थांबलाच. कुणी मुद्दाम वाईट केलं असं नाही, सगळे खूशच होते. तुमच्या मुलाचे रकाने विज्ञान प्रदर्शनात मांडूया असं कुणी म्हणालं तर निदान त्याला विचारा, आणि तो नको म्हणाला तर नको.

काकांच्या "माणूस" ह्या मुद्द्याला एक जोड. बेंजामिन ब्लूम ह्यांच्या चमूनं पियानोवादक, गणिती, पोहणारे अशा नाव कमावलेल्या १२० जणांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांत बहुतेकांचे पहिले शिक्षक फार मोठे नव्हते. शेजारपाजारचेच, पण मुलांशी प्रेमानं वागणारे, शिकणं मजेचं करणारे. कडक आणि नाणावलेले गुरू पुढं आले. म्हणून हुबळीचा कुणी मोठा इंजिनिअर शोधू नका, तुमच्या गल्लीतला गँगमन पुरे.

फळा-खडू (बेळगाव तालुका, प्राथमिक शिक्षक)

"अभ्यासाचं विचार" हे वाचून खाली मान घातली. आमच्या वर्गात पाच इयत्तांचं काम असतं, तरीसुद्धा.

ताई, स्टेशनच्या पाट्या तीन लिप्यांत असतात. मुलाचं कन्नड कसं आहे? मराठी शाळेतली आमची मुलं कन्नडला घाबरतात. देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी, लोंढा, एवढ्या पाच पाट्या वाचायला लागला तरी बरीच मुळाक्षरं झाली. मी हे एका विद्यार्थ्यावर करून पाहिलं आहे, त्याला बसच्या पाट्यांचं वेड होतं. आता तो माझ्यापेक्षा झरझर कन्नड वाचतो. आणि गाडीत बसलात की रुळाकडेच्या किलोमीटरच्या पाट्या बघायला सांगा. एका पाटीपासून पुढच्या किलोमीटरच्या पाटीपर्यंत किती सेकंद लागले ते मोजायचं आणि ३६०० ला त्यानं भागायचं. ६० सेकंद लागले तर ताशी ६० किलोमीटर, ४५ लागले तर ८०. नवोदयच्या गणितात भागाकार असतोच, तेव्हा हिशेबींचाही जीव शांत होईल.

जयंत नारळीकर लहान असताना काशीच्या त्यांच्या घरात फळा होता. त्यांचे मामा त्यावर एक अवघड गणित लिहून ठेवायचे आणि भाच्यानं सोडवेपर्यंत पुसायचे नाहीत. ना क्लास, ना फी. तुमच्या घरात एक फळा टांगा.

रुळाकडची आई (खानापूर)

सगळ्यांचे आभार. सगळं ह्यांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे मीच रोबोटिक्स!" पण पान्ह्यांचा डबा काढला. सध्या दोघं मिळून कपलिंग बनवताहेत, माझ्या शिलाई मशीनचे दोन भाग गायब आहेत.

काडेपेट्यांचं केलं. पहिला दोरा तुटला. पण काका, एकदा मधला तुटला! त्यावर त्याचं आणि आजोबांचं भांडण. आजोबा म्हणाले हरकत नाही, गाठ कच्ची होती. हा म्हणाला, म्हणजे कपलिंग एक जरी कच्चं असलं तरी पुरे, मग रेल्वेवाले रोज सगळी तपासत असणार, कोण तपासतो? कपांचं पण केलं, ते सासूबाईंना फार आवडलं. त्या आता प्रत्येक पाहुण्याला दाखवतात.

माणूस मिळाला. आमच्या मागच्याच आळीत निवृत्त गार्ड आहेत, कन्नड बोलणारे. आता गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, ते काही त्यांना पसंत नाही. हा त्यांना अज्जा म्हणतो. ते मराठी समजतात पण बोलतात कन्नडच, त्यामुळं गुरुजी, पाट्यांच्या आधी हेच सुरू झालं. पहिल्या दिवशी अज्जांनी त्याची पानं बघितली आणि विचारलं, वेळ घरच्या घड्याळाची का स्टेशनची? ह्यानं मान खाली घातली. आता रोज सकाळी मोबाइलवरून घड्याळ लावून घेतो.

क्लासवाले एकच संध्याकाळ सोडायला तयार झाले, बुधवारची. दुसरीसाठी मी भांडतेय.

काका, त्याचा एक प्रश्न तुमच्यासाठी. आजोबा सांगतात की त्यांच्या वेळी, मीटरगेज (अरुंद रुळांची लाइन) असताना, गाडीत बसलं की खडाक्-खड असा ठेका सारखा ऐकू यायचा. आता तसा येत नाही. का?

साचेवाले काका (उद्यमबाग, बेळगाव)

मधला दोरा तुटला ते उत्तम झालं. आजोबांचं पण बरोबर आणि त्याचं पण बरोबर, दोघांना सांगा. तपासणी कोण करतो ते अज्जांना विचारायचं, ते त्यांच्या घरचं काम.

ठेक्याचं सांगून टाका, ते सरळ आहे. पूर्वी रुळाचे तुकडे एकाला एक पट्टीनं जोडायचे, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्टी आणि बोल्ट. तिला फिशप्लेट म्हणतात. दोन रुळांच्या मध्ये थोडी फट सोडायचे. चाक फटीवरून गेलं की खडाक्. ब्रॉडगेजचा एक रूळ साधारण १३ मीटरचा, त्यामुळं ठेका मोजून वेगसुद्धा काढता यायचा. आता रूळ वितळवून सांधतात, लांबच लांब सलग होतात, म्हणून आवाज नाही. लोंढ्याच्या यार्डात कुठं जुने जोड दिसतील, अज्जांबरोबर प्लॅटफॉर्मवरून बघा.

पण मग त्याला एक विचारा. ती फट सोडायचे ती उन्हाळ्यात रूळ तापून लांबतो म्हणून. आता फटच ठेवली नाही, तर एप्रिल-मे महिन्यात तो वाढलेला रूळ जातो कुठं? उत्तर शोधून देऊ नका. अज्जांनाही सांगून ठेवा, दोन-चार दिवस तोंड बंद ठेवायचं म्हणून.